हातातील बिनतारी संच आणि त्याच्या बॅटरीची परीक्षा : पनवेल परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

दळणवळणाच्या साधनांचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. तार, दूरध्वनी, रेडिओ, भ्रमणध्वनी अशी मालिका मांडली की तो पूर्ण झाला, असा समज त्यामागे दिसतो. यंत्र चालते ठेवणाऱ्या विजेच्या साठ्याला, म्हणजे बॅटरीला, या इतिहासात तळटीपेपुरतेही स्थान क्वचितच मिळते; आणि ती बॅटरी कामाची आहे की नाही हे पारखण्याच्या पद्धतींना तर तेवढेही नाही. वास्तविक हातात धरून बोलण्याच्या बिनतारी संचाची, म्हणजेच वॉकी-टॉकीची, सारी भिस्त या पारखण्यावर असते. संचात बिघाड झाला तर तो लगेच लक्षात येतो. बॅटरी मात्र चार्जरवर हिरवा दिवा लागलेला असतानाच निम्मी निकामी झालेली असू शकते.

प्रस्तुत लेखात पुन्हा पुन्हा चार्ज करता येणाऱ्या बॅटरीच्या चाचणीचा इतिहास पनवेल परिसर समोर ठेवून तपासला आहे. बॅटरीच्या रसायनात जसजशी सुधारणा झाली तसतशी तिची खरी स्थिती वापरणाऱ्याच्या नजरेआड होत गेली. ती जाणून घेण्याचे काम त्याच्याकडून तंत्रज्ञाकडे आणि तंत्रज्ञाकडून उत्पादकाकडे सरकत गेले, असे या इतिहासावरून म्हणता येते.

वाटांचे गाव

मुंबईहून होडीने पनवेल बंदरात उतरावे आणि तेथून घाट चढून पुण्याकडे जावे, हा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील रिवाज होता. १८३० मध्ये बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाल्यावर ही वर्दळ वाढली. १८५२ मध्ये पनवेलला नगरपालिका आली. मात्र १८६३ मध्ये लोहमार्ग बोरघाट चढला तो कर्जतच्या बाजूने, आणि त्यानंतर पनवेल सुमारे शंभर वर्षे आगगाडीवाचून राहिले. ही उणीव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भरून निघाली. दिव्याहून आलेला मार्ग पनवेलवरून पुढे सरकत १९८६ मध्ये रोह्याला पोहोचला. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि २००२ मध्ये कळंबोलीहून निघणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे वाहता झाला. दिवा, कर्जत, रोहा आणि उरण या चारही दिशांचे लोहमार्ग आज पनवेलपाशी एकत्र येतात.

अशा ठिकाणी बिनतारी संच कमरेला लावून काम करणाऱ्यांची संख्या मोठी असणे स्वाभाविक आहे. गाडीचा गार्ड (२०२२ पासून त्यास अधिकृतपणे ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात), इंजिनचालक, महामार्गावरील पोलीस, अग्निशमन दलाचा जवान, खासगी सुरक्षा रक्षक या साऱ्यांचे काम या संचावर चालते. त्यांतही रेल्वेचे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण तेथे जुन्या आणि नव्या साधनांची तुलना एकाच कामाच्या संदर्भात करता येते.

कंदील आणि संच

गार्ड आणि चालक यांच्यामध्ये संपूर्ण गाडीची लांबी असते. हे अंतर पूर्वी हिरव्या-तांबड्या झेंड्यांनी, इंजिनाच्या शिट्टीच्या ठरीव संकेतांनी आणि रात्री हातकंदिलाने ओलांडले जाई. कंदिलाची परीक्षा सोपी होती. तो हलवला की तेल किती आहे ते हाताला कळे, काच काळवंडली असेल तर डोळ्यांना दिसे आणि वात कापायची झाली तर ती ज्याची त्यालाच कापता येई. साधन आणि त्याच्या साठ्याचे ज्ञान एकाच माणसाच्या हाती होते.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत भारतीय रेल्वेवर वॉकी-टॉकीचा वापर रुळला. कोकण रेल्वेवर तर ही व्यवस्था पावसाळी बंदोबस्ताचा अविभाज्य भाग आहे. तेथे प्रत्येक चालकाजवळ आणि गार्डाजवळ वॉकी-टॉकी संच असतो. प्रत्येक स्थानकात २५ वॅट शक्तीचा स्थिर संच असतो. शिवाय मार्गालगत सरासरी एक किलोमीटर अंतरावर तारेने जोडलेले आपत्कालीन संपर्काचे सॉकेट बसविलेले आहेत. अतिवृष्टीत दृष्टी पोहोचेनाशी झाली की गाड्यांचा वेग ताशी ४० किलोमीटरवर आणला जातो. ही सारी दक्षता महागात घेतलेल्या अनुभवातून आली आहे. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ आणि १६ जून २००४ रोजी महाडजवळच्या करंजाडी परिसरात दरडीमुळे झालेले अपघात कोकणी माणसाच्या स्मरणात आहेत.

या व्यवस्थेत तारेचा सॉकेट का राखून ठेवला असावा? बिनतारी लहरींना डोंगर आणि बोगदे अडवतात, हे त्याचे एक उत्तर. दुसरे उत्तर बॅटरीत आहे. स्थानकातील २५ वॅटच्या संचामागे मोठ्या साठ्याची बॅटरी ठेवता येते. गार्डाच्या हातातील संचाला मात्र मुठीत मावेल एवढ्याच साठ्यावर पाळी काढावी लागते.

कोरड्या घटापासून बंद घटापर्यंत

हातात मावणाऱ्या संचाचा जन्म युद्धकाळातला. अमेरिकेतील गॅल्विन कंपनीने (हीच पुढे मोटोरोला या नावाने ओळखली गेली) दुसऱ्या महायुद्धात एससीआर-५३६ हा सुमारे सव्वादोन किलो वजनाचा संच सैन्याला पुरविला. त्याची आकाशतार बाहेर ओढली की तो सुरू होई. तो निर्वात नलिकांवर चाले, म्हणून त्याला दोन बॅटऱ्या लागत : नलिकेची तार तापविण्यासाठी दीड व्होल्टची आणि दुसरी तब्बल १०३.५ व्होल्टची. दोन्ही कोरड्या घटांच्या होत्या. संपल्या की फेकून द्यायच्या. अशा बॅटरीच्या बाबतीत नवी कोणती आणि वापरलेली कोणती एवढे लक्षात ठेवले तरी बहुतेक काम भागे.

चाचणीचा खरा प्रश्न निर्माण झाला तो पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटरीमुळे, कारण ती एकदाच संपत नाही. ती शेकडो वेळा भरते, शेकडो वेळा रिकामी होते आणि प्रत्येक खेपेस किंचित आक्रसते.

स्वीडनचे वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये निकेल-कॅडमियम घट तयार केला. तथापि त्यातून वायू बाहेर पडत असल्याने तो उघडा ठेवावा लागे, आणि उघडा घट कमरेला लावता येत नाही. आतल्या आत वायू जिरवून घेणारा पूर्णतः बंद घट १९४७ मध्ये गेऑर्ग नॉयमान यांच्या प्रयत्नांनी साध्य झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. शंभर व्होल्टची गरज संपली आणि १.२ व्होल्टचे सहा घट ओळीने जोडून मिळणाऱ्या ७.२ व्होल्टवर संच चालू लागले. हातातील बिनतारी संचाचे आधुनिक रूप या दोन शोधांच्या संयोगातून घडले, असे म्हणण्यास हरकत नाही. प्रसिद्धी मात्र एकट्या ट्रान्झिस्टरला मिळाली.

या बंद घटाने एक जुनी खिडकी बंद केली. बिनतारी केंद्रातील किंवा मोटारीतील शिसे-आम्ल बॅटरीची स्थिती हायड्रोमीटरने पाहता येत असे. काचनळीत आम्ल ओढायचे आणि तरंगती मोजपट्टी वाचायची : भरलेल्या घटात विशिष्ट गुरुत्व १.२५ ते १.२८, रिकाम्यात १.१२ च्या आसपास. आम्ल स्वतःच विजेच्या क्रियेत खर्च होत असल्याने त्याची घनता म्हणजे साठ्याचा आरसाच होता. निकेल-कॅडमियम घटात द्रावणाची घनता फारशी बदलत नाही, आणि घट बंद असल्याने ते पाहण्याचा मार्गही उरत नाही.

मग व्होल्टमीटर का लावू नये? तंत्रज्ञांनी तो लावला, आजही पुष्कळ ठिकाणी लावला जातो, आणि तेथेच फसगत होते. या घटाचे व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत १.२ व्होल्टच्या आसपास सपाट राहते आणि अखेरीस एकदम कोसळते. बॅटरी अर्धी असो वा पाऊण, काटा सारखेच सांगतो. शिवाय भार न लावता घेतलेले माप हे बसलेल्या बैलाचे बळ पाहण्यासारखे असते.

घड्याळाची चाचणी

व्होल्टमीटरने साठा कळेना, तेव्हा परीक्षेचा भरवसा घड्याळावर ठेवावा लागला. बॅटरी ठरावीक पद्धतीने पूर्ण भरायची, ठरावीक विद्युतधारेने रिकामी करायची आणि किती वेळ टिकली ते मोजायचे, ही पद्धत आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या प्रमाणकांनी पक्की केली. निकेल-कॅडमियम घटासाठी छापील क्षमतेच्या एक-दशांश धारेने १६ तास चार्जिंग, थोडी विश्रांती, मग एक-पंचमांश धारेने प्रत्येक घट १.० व्होल्टवर येईपर्यंत रिकामा करणे, असा हा क्रम आहे. उदाहरणार्थ, १२०० मिलीअँपिअर-तास क्षमतेची बॅटरी २४० मिलीअँपिअर धारेने पाच तास चालली पाहिजे. चारच तास चालली तर तिची खरी क्षमता ८० टक्के. बिनतारी संचांच्या व्यवहारात साधारणतः याच ८० टक्क्यांच्या रेषेखाली बॅटरी बदलावी, असा संकेत रूढ आहे.

ही रेषा कामाच्या पाळीशी कशी जोडलेली आहे ते थोड्या हिशेबाने स्पष्ट होते. संचाचा वापर मोजताना या व्यवसायात ५-५-९० हे प्रमाण धरतात : शंभरातील पाच भाग बोलणे, पाच भाग ऐकणे आणि नव्वद भाग नुसती प्रतीक्षा. पाच वॅटचा संच बोलताना सुमारे १५०० मिलीअँपिअर, ऐकताना २५० आणि प्रतीक्षेत ६० मिलीअँपिअर धारा घेतो असे मानले, तर सरासरी सुमारे १४० येते. १२०० क्षमतेची बॅटरी या हिशेबाने साडेआठ तास पुरते, म्हणजे एक पाळी निभावते. हीच बॅटरी ६० टक्क्यांवर आली असेल तर पाच तासांत संपते. परंतु आपत्तीच्या दिवशी ५-५-९० हे प्रमाण कोठून टिकणार? बोलणे आणि ऐकणे प्रत्येकी वीस भागांवर गेले की सरासरी ३८० च्या पुढे जाते. नवी बॅटरी तीन तास देते, ६० टक्क्यांची दोन तासही देत नाही. बॅटरीची उणीव सामान्य दिवशी झाकली जाते आणि नेमकी नको त्या दिवशी उघडी पडते, ती या गणितामुळे.

याहून गंभीर गोष्ट अंतर्गत रोधाची आहे. बॅटरी जुनी होते तसा तिच्या आतील रोध वाढतो. समजा, ७ व्होल्ट दाखवणाऱ्या बॅटरीचा रोध नवेपणी ०.२ ओहम होता आणि आता तो ०.८ ओहम झाला आहे. बोलण्याचे बटण दाबताच दीड अँपिअर धारा वाहू लागते. नव्या बॅटरीत ०.३ व्होल्ट आतच खर्च होतात, जुनीत १.२ व्होल्ट. संचाला मिळणारे व्होल्टेज ५.८ वर येते आणि ६ व्होल्टच्या आसपास काम थांबविणारा संच बंद पडतो. बटण सोडले की तो पुन्हा जिवंत होतो. परिणामी असा संच ऐकू शकतो, पण बोलू शकत नाही. नियंत्रण कक्षातून हाक येत राहते. ज्याला उत्तर द्यायचे आहे त्याला हाक ऐकूही येत असते. आणि पलीकडे मात्र तो माणूस गप्प का, याचा अर्थ लागत नाही. बॅटरीची चाचणी बोलण्याइतका भार लावूनच का घ्यावी, याचे यापेक्षा वेगळे समर्थन देण्याची गरज नाही.

२००५ चा जुलै आणि भारनियमन

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच पावसात गाढी नदीने पनवेलला वेढले, आणि रायगड जिल्ह्यातच महाड तालुक्यात जुई, दासगाव आदी गावांवर दरडी कोसळल्या. मुंबई परिसरात वीज गेली, दूरध्वनी आणि भ्रमणध्वनी मोठ्या प्रमाणावर बंद पडले. भ्रमणध्वनीचे मनोरेही अखेर बॅटरीवरच तगून असतात, हे अनेकांना त्या दिवशी प्रथम कळले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. तेथे रस्ता नव्हता. बचावपथकांना चिखलातून पायी चढावे लागले आणि यंत्रसामग्री वर नेता आली नाही. अशा डोंगरावर चार्जर नसतो. जी बॅटरी पायथ्याशी भरून घेतली तीच दिवसभराची शिदोरी.

मात्र बॅटरीचे आयुष्य आपत्तीच्या दिवशी ठरत नाही. ते त्याआधीच्या साध्या दिवसांत, चार्जरच्या खणात ठरते. या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्राने सोसलेले भारनियमन या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. त्या काळातील साधे चार्जर वेळेवर चालणारे होते : ठरावीक तास विद्युतप्रवाह द्यायचा आणि थांबायचे. मध्येच वीज गेली आणि परत आली की असा चार्जर पहिल्यापासून मोजू लागतो. जवळजवळ भरलेल्या बॅटरीला पुन्हा पूर्ण मुदतीचा प्रवाह मिळतो, ती तापते आणि तापलेला घट लवकर म्हातारा होतो. दिवसातून दोनदा वीज जाणाऱ्या गावात बॅटरी कमी भरल्याने नव्हे, तर जास्त भरल्याने खराब होण्याचा हा प्रकार वरकरणी उलटा वाटतो. त्यात खाडीकाठची खारी, दमट हवा. पितळी संपर्कांवर हिरवट थर चढला की तेवढ्यानेही रोध वाढतो. खोडरबराने संपर्क घासून बॅटरी ‘दुरुस्त’ करण्याची तंत्रज्ञांची युक्ती चेष्टेचा विषय झाली असली, तरी शास्त्राला धरून आहे.

औषध आणि विष

निकेल-कॅडमियमच्या काळात ‘मेमरी’ हा शब्द वॉकी-टॉकी वापरणाऱ्यांच्या तोंडी बसला. उपग्रहांतील बॅटऱ्या कक्षेतील फेऱ्यांमुळे रोज नेमक्या तेवढ्याच रिकाम्या होत आणि पुढे तेवढीच क्षमता देत, असे १९६० च्या दशकात आढळले. हा शब्द तेथून आला. जमिनीवर एवढा नेमकेपणा क्वचितच असतो. बहुतेक वेळा ज्याला मेमरी म्हटले जाई तो सततच्या जादा चार्जिंगचा परिणाम असे. उपाय मात्र एकच होता : बॅटरी पूर्ण रिकामी करून पुन्हा भरायची. म्हणजे क्षमता मोजण्यासाठी जी कृती करायची तीच तिला सुधारतही होती. परीक्षा हेच औषध, असा हा दुर्मीळ योग.

कॅनडातील कॅडेक्ससारख्या कंपन्यांनी (स्थापना १९८०) ही कृती आपोआप करणारी विश्लेषक यंत्रे बाजारात आणली. चार-सहा बॅटऱ्या खणांत बसवाव्यात आणि सकाळी पडद्यावर टक्केवारी वाचावी. काही मिनिटांत निकाल देणाऱ्या जलद चाचण्याही पुढे आल्या, पण त्या मुख्यत्वे रोध मोजतात. रोध आणि क्षमता यांचे नाते सैल असते. रोध चांगला असूनही क्षमता निम्मी असू शकते. घाईच्या चाचणीवर विसंबणे म्हणूनच धोक्याचे.

१९८९ मध्ये निकेल-मेटल हायड्राइड आणि १९९१ मध्ये सोनीने आणलेली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली. दुसरीच्या पायाभूत संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ती हलकी, अधिक साठा धरणारी आणि मेमरीच्या जाचातून मुक्त होती. परंतु तिला पूर्ण रिकामे करणे अपायकारक असते, आणि काठोकाठ भरून उन्हात ठेवणेही. जुन्या पिढीने कष्टाने अंगी बाणवलेली ‘आधी पूर्ण संपव, मग लाव’ ही सवय नव्या बॅटरीला विषासारखी ठरली. रसायन बदलले तरी सवय बदलायला वेळ लागतो. उपकरणाच्या पेटीवर बदलाची तारीख असते, सवयीवर नसते.

लिथियमच्या बॅटरीत संरक्षणासाठी इलेक्ट्रॉनिक मंडल असावेच लागते. महागड्या संचांत त्यापुढे जाऊन बॅटरीतच चिप बसवली गेली. आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या विजेचा हिशेब ती ठेवते आणि उरलेली क्षमता टक्क्यांत सांगते. मोटोरोलाच्या ‘इम्प्रेस’ पद्धतीत तर चार्जर ही नोंद वाचून बॅटरीला सुधारणेची गरज आहे का, ते स्वतः ठरवतो. सोय मोठी आहे, हे नाकारता येत नाही. तथापि चिपने मांडलेला हिशेब हळूहळू चुकत जातो आणि अधूनमधून पूर्ण भरण्या-रिकामे करण्याच्या फेरीने तो जुळवावा लागतो. शिवाय हा आकडा वाचण्यासाठी त्याच उत्पादकाचा चार्जर लागतो. कंदिलातील तेल गार्ड पाहत असे, आम्लाची घनता तंत्रज्ञ पाहत असे. चिपमधील नोंद कोणी पाहावी, हे आता उत्पादक ठरवतो.

तळोजा

चाचणीचा शेवट निर्णयात होतो : ठेवायची की काढायची. काढलेल्या बॅटरीचे पुढे काय होते, या प्रश्नाचा माग काढताना पनवेल तालुक्याबाहेर जावे लागत नाही. तळोजा औद्योगिक वसाहतीत घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारे आणि तो सुरक्षित भूभरणात साठविणारे सामायिक केंद्र या शतकाच्या प्रारंभीच्या काळापासून आहे. याच वसाहतीजवळून वाहणाऱ्या कासाडी नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न परिसराला परिचित आहे.

कॅडमियम हा विषारी धातू. जपानच्या जिंझू नदीखोऱ्यात खाणींतून आलेल्या कॅडमियममुळे लोकांची हाडे ठिसूळ झाली. तेथील शासनाने १९६८ मध्ये ‘इताई-इताई’ हा प्रदूषणजन्य आजार असल्याचे मान्य केले. युरोपीय संघाने २००६ मध्ये हाताळण्याजोग्या बॅटऱ्यांतील कॅडमियमवर कडक मर्यादा घातली. भारतात २००१ मध्ये बॅटऱ्यांसाठी स्वतंत्र नियम झाले, पण ते फक्त शिसे-आम्ल बॅटऱ्यांपुरते होते. वॉकी-टॉकीची मुठीएवढी निकेल-कॅडमियम बॅटरी त्या नियमांच्या कक्षेत बसत नव्हती. ज्या दोन दशकांत पनवेल परिसरात अशा संचांचा वापर वाढला, नेमकी तीच ही दोन दशके. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी सर्व प्रकारच्या बॅटऱ्या कक्षेत घेतल्या, त्या गोळा करून पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकावर टाकली आणि भूभरणात पुरण्यास वा जाळण्यास मनाई केली. आता ८० टक्क्यांच्या खाली गेलेली बॅटरी कोणाच्या स्वाधीन केली, याचीही नोंद चाचणीच्या नोंदीइतकीच आवश्यक ठरते.